बुरशीचं विरजण

टण्.

सासूबाईंच्या बोटांतून सुटलेला एक दाणा पत्र्याच्या डब्यात पडला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता जे सांगितलं होतं, ते टेबलावर मधोमध पडून होतं आणि उचलायला कोणी पुढे येत नव्हतं.

"ओढ्याकडच्या पट्टीत निलगिरी लावू," असं ते म्हणाले होते. "दोन वर्षं झाली, हरभरा फुलावर येतो आणि उभ्या उभ्या वाळतो. त्या मातीला मर लागलीय. ती काही जायची नाही. निलगिरीला ना मर, ना देखरेख. लावायची आणि विसरायचं."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. मर म्हणजे मातीतली एक बुरशी. ती मुळातून आत शिरते आणि खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवून टाकते. पायाशी ओल असते, आणि तरी झाड तहानेनं मान टाकतं. सकाळी हिरवं बघून यावं आणि चार दिवसांत वाळकी काडी हातात यावी. दोन्ही वर्षी आम्ही पट्टीतून परतलो ते कोणाचं तरी अंत्यकर्म आटोपून परतल्यासारखे.

पण पट्टी गेली की सासूबाईंचा हरभराही जाणार होता. तो तांबूस, अंगानं बारीक, वाकड्या चोचीचा. त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आला तो. दुकानात मिळत नाही, शेजारीपाजारी कोणी आता पेरत नाही. आमची बाकीची जमीन पाण्याखालची, भारी. तिथे हा नुसता पाला करतो, घाटे धरत नाही. त्याला ती ओढ्याकडची हलकी मातीच लागते. तिथे एकदा झाडं उभी राहिली की हे बी कुठे पेरणार? आणि डब्यात ठेवून ठेवून बी किती टिकणार?

सासूबाई खाली मान घालून ताटातले दाणे निवडत राहिल्या. टण्. टण्.

"आई, हे कुठलं निवडताय?" मी विचारलं.

"अगं, मेलेल्यांच्या मधे थोडी झाडं उभी होती ना, शेवटपर्यंत? त्यांचं आहे. डबाभर तर निघालं. एवढ्याशाचं काय करायचं, म्हटलं शिजवून टाकू."

बाळ माझ्या कडेवर होतं. दुसऱ्या हातानं मी डबाच उचलला.

"शिजवायचं नाही हे!"

"अगंबाई! खायच्या आधी हिसकावतेस होय गं?"

"आई, मर सगळ्या झाडांपाशी गेली. कोणाला सोडलं नाही तिनं. आणि ही तरी उभी राहिली. म्हणजे यांच्या अंगात काहीतरी दम आहे. बी धरायचं तर यांचंच धरायचं."

भाऊजी हसले. "झालं! डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडला."

डॉक्टरीणबाई हे मला त्यांनीच ठेवलेलं नाव. लग्नाआधी मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होते. काचेच्या बशीत ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि त्यांच्यावर कुठली बुरशी उगवते ते बघायचं, हे माझं काम. बुरशीचं भय मला तिथेच गेलं. ज्या बशीत ती मर लावणारी पांढरी, कापसासारखी पसरायची, त्याच बशीत कधी कधी एक हिरवी यायची, आणि एकदा आली की पांढरीला कोपऱ्यात रेटत न्यायची. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. त्यामुळे भाऊजी हसले तरी माझा आवाज काही हलला नाही.

"मला त्या पट्टीत एक वर्ष ज्वारी घेऊ द्या," मी म्हणाले. "ज्वारीच्या मुळावर ही मर जगत नाही, तिची उपासमार होऊ दे. तोवर हे बी घरामागच्या वाफ्यांत वाढवते. आणि मग एकदाच, एकच हंगाम हरभरा."

"आणि औषध कुठलं ओतणार?"

"कुठलंच नाही. ओतलं की मातीतलं चांगलंही त्यासोबत जातं. शिवाय पट्टी ओढ्याला लागून आहे, भाऊजी. खाली आपलीच पोरं पाण्यात पाय सोडून बसतात."

"बघ आई," भाऊजी माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "हवा खाऊन बरं होणारं दुखणं मी तरी पाहिलं नाही."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "जमीन माझ्या नावावर आहे ना अजून? मग ऐका. एक ज्वारी, एक हरभरा. त्यातूनही वाळला, तर निलगिरी. मग मला कोणी समजवायला यायचं नाही. तूही नाही आणि हीही नाही."

ठरलं. आमची मुंगी, म्हणजे माझी लेक, टेबलाखाली बसून सांडलेले दाणे वेचत होती. सापडेल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवायचं, म्हणून तिचं नाव मुंगी. तिच्या मुठीतले दाणे सोडवून घ्यायला मला बाकी सगळ्यांना पटवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ज्वारीचं वर्ष सरळ गेलं. उन्हाळ्यात पट्टी खोल नांगरून तापू दिली, ज्वारी आली तशी गेली. घरामागच्या वाफ्यांत डब्याची गोण झाली. माझा नवरा आठवडाभर शहरात विजेच्या तारा जोडतो. रविवारी येऊन तो वाफ्यांना कुंपण करून गेला. "यात शॉक लागण्यासारखं काही असेल तर मला बोलव, बाकी तुझं तू बघ," एवढाच त्याचा शेतीला हातभार. पण कुंपण मात्र असं केलं की शेळीनंही नाद सोडला.

हरभऱ्याची पेरणी जवळ आली तेव्हा मी ती हिरवी बुरशी आणली. पुडीतली भुकटी असते, ट्रायकोडर्मा म्हणून मिळते. गोठ्यामागच्या सावलीत चांगल्या मुरलेल्या शेणखताचा ढीग केला, त्यात ती मिसळली, पाणी शिंपडलं आणि ओलं पोतं पांघरलं. आता तिनं त्या ढिगात वाढायचं, ढिगाचा कण न् कण आपला करायचा, आणि मग सगळं पट्टीत पेरायचं. म्हणजे मुळं खाली उतरतील तेव्हा त्यांच्या आधी ही तिथे बसलेली असेल. रोज मी पोतं उचलून बघायची. आधी काहीच नाही, मग पांढुरकी जाळी, मग एके सकाळी ढिगाच्या कुशीत हिरवा ठिपका. मला कोण आनंद झाला! त्याच दिवशी मला बाळाला लस टोचून आणायला जायचं होतं. मुंगीलाही बरोबर घेतलं.

दवाखान्यात दुपार झाली. परत आले तर अंगणात सासूबाई. पदर खोचलेला, हातात दंताळं, कपाळावर घाम, चेहरा मात्र कामगिरी फत्ते केल्यासारखा. आणि त्यांच्यापुढे, रणरणत्या उन्हात, माझा सगळा ढीग चादरीसारखा पसरलेला.

"आलीस? बघ, निस्तरलं सगळं."

"काय निस्तरलं, आई?"

"अगं, तुझ्या त्या खताला बुरशी आली होती! हिरवीगार! मी पोतं उचललं तेव्हा दिसली. म्हटलं, हे तुझ्या भाऊजींनी पाहिलं तर हसून हसून वेडे होतील. बुरशी घालवायला निघाली आणि स्वतःचंच खत बुरसवून बसली म्हणतील. तुझं हसं नको व्हायला. म्हणून सकाळपासून उन्हात घालून चांगलं वरखाली केलंय. आता शोध, एक ठिपका सापडला तर सांग!"

एक ठिपका सापडला नाही. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत कधी कोणाला बुरशीचा ठिपका दिसलेला नाही, तर अंगणात काय दिसणार? मी हातात मूठभर घेतलं. भाजलेल्या रव्यासारखं कोरडं, गरम. उन्हात ती जगत नाही. मला रडू आलं की हसू, ते माझं मलाच कळेना. बाळानं माझा प्रश्न सोडवला, त्यानं भोकाड पसरलं.

त्याला पाजून झाल्यावर मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. सांगणं भाग होतं. उगाच गोड बोलून तेच खत पट्टीत घालायचं, आणि वाळला तर निलगिरी आहेच म्हणायचं, हे काही मला जमणार नव्हतं.

"आई, ती हिरवी बुरशीच मला हवी होती. तीच मर अडवणार होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अंगणाकडे. मग हातातल्या दंताळ्याकडे.

"म्हणजे मीच मारलं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हरभऱ्याचं औषध, मीच."

"तुम्हाला काय माहीत..."

"माहीत कसं असणार? तू ट्रायको-फ्रायको सांगितलंस. बुरशी येणार आणि ती आपली, असं नीट मराठीत सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?" त्यांचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "पेर तोंडावर आलीय. आता परत पुडी आणायची, परत लावायचं, कधी व्हायचं?"

मी एकदम उठले. "पोतं कुठंय, आई? वरचं पोतं?"

"ते कुठं जाणार? मोरीत टाकलंय. संध्याकाळी साबण लावून..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मोरी आमची अंधारी, थंड, कायम ओलसर. कोपऱ्यात पोतं पडलं होतं. दिव्यापाशी आणून उलटं केलं, तर आतल्या बाजूनं सगळं हिरवं. मखमलीसारखं, दाट. ढिगावरून उचललेलं सगळं त्यालाच चिकटून आलं होतं.

"आहे!" मी ओरडले. बाळ परत दचकलं. "आई, एवढं पुरे आहे! चमचाभर दही राहिलं असलं की पातेलंभर दूध विरजतं ना? तसंच हे."

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. पोत्याकडे बघितलं, वाकून वास घेतला. ओल्या मातीचा वास आला असावा, कारण नाक मुरडलं नाही.

"म्हणजे विरजण आहे हे."

"हो."

"मग विरजणच म्हणायचं ना, कार्टे! विरजण कधी उन्हात ठेवलंय का मी आजवर?"

त्यानंतर तो ढीग माझा राहिला नाही. नवं शेणखत निवडलं त्यांनी, ढेकूळ न् ढेकूळ फोडलं त्यांनी. पोतं खरवडून त्यात कालवलं. पाणी किती, हे मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "मुठीत दाबलं तर हाताला ओल लागली पाहिजे आणि थेंब गळता कामा नये. हे काय शिकवतेस?" रोज सकाळी दुधाला बोट लावून बघतात तसा हात ढिगात खुपसायच्या. गरम झालं की उकरून वारं द्यायच्या, पुन्हा पांघरायच्या. वर एक मातीचं मडकं भरून वेगळं ठेवलं, गोठ्याच्या कोनाड्यात. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "विरजण संपवायचं नसतं."

या सगळ्यात पेरणी लांबली. भाऊजी येता-जाता विचारायचे, "काय, लागलं का दही? लोकांचा हरभरा उगवून वर आला!"

"माती अजून कोमट आहे, भाऊजी. कोमट मातीत मर जोरात असते. गार होऊ दे."

"म्हणजे उशीर झाला तोही औषधातच धरायचा?"

"चांगला असेल तर का नाही?"

हे मी त्यांना तोंड बंद करायला सांगितलं नव्हतं. खरंच आहे ते. फक्त, उशीर आम्ही ठरवून केला, असं खोटं मात्र मी म्हणाले नाही.

पेरायच्या दिवशी भाऊजींनी आपलं पेरणीयंत्र आणलं. त्यांच्या शेतातल्या मातीचे गोळे दातांना चिकटले होते. मी यंत्र विहिरीपाशी थांबवलं आणि ब्रश घेऊन बसले. रोगट मातीला पाय नसतात, ती असल्याच चाकांवर बसून गावभर फिरते.

"यंत्राला अंघोळ?" भाऊजींनी डोक्याला हात लावला.

"साबण पण लावायचा?" मुंगीनं विचारलं.

"लाव बाई, लाव! पावडर-गंध करून मग नेऊ."

बी आम्ही आदल्या दिवशीच त्या विरजणाच्या पाण्यात चोळून सावलीत सुकवलं होतं. मुंगीचे हात कोपरापर्यंत हिरवट झाले होते. ओळींमधे जवसाच्या ओळी टाकल्या, म्हणजे एका हरभऱ्याच्या मुळाला दुसऱ्याचं मूळ लगेच भेटू नये. शेवटचा दाणा मातीआड गेला तेव्हा सासूबाई बांधावर उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही, पण पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलं होतं.

उगवण छान झाली. वाढही. पण मरीची खरी परीक्षा फुलावर असते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी तोंडातून बरा शब्द काढत नव्हतं. सासूबाई रोज पट्टीत जायच्या. परत आल्या की मी तोंडाकडे बघायची. त्या नुसत्या "हं" म्हणायच्या. त्या "हं"चे प्रकार मला कळायला लागले.

मग एके सकाळी भाऊजी आले ते दारातूनच म्हणाले, "चला, डॉक्टरीणबाई. पेशंट बघायला."

ओढ्याच्या कडेला, जिथे थोडं पाणी तुंबतं, तिथे एका झाडाच्या शेंड्यानं मान टाकली होती. शेजारच्या दोघांचीही पानं मलूल. बाळ भाऊजींच्या कडेवर दिलं, झाड उपटलं, आणि विळ्यानं खोड उभं चिरलं. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ. स्वच्छ, सरळ.

"मर आहे," मी म्हणाले.

भाऊजी हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. सासूबाई खाली बसल्या आणि त्या झाडाचा पाला हातात घेऊन म्हणाल्या, "निदान शेळीला तरी..."

"नाही, आई. शेळीच्या पोटातून लेंडीखतात, लेंडीखतातून परत इथेच. बादली द्या. मातीसकट उचलायचं, झटकायचं नाही, आणि जाळायचं."

त्या कोपऱ्यातली ओंजळभर झाडं आम्ही तशीच काढली. खड्ड्यांत ढिगातलं खत भरलं. पाणी तुंबायचं तिथे भाऊजींनी न सांगता चर खणून ओढ्याकडे वाट करून दिली. कुदळ खांद्यावर टाकताना म्हणाले, "मागच्या वेळी असं एक दिसलं, आणि आठवड्यात अर्धी पट्टी गेली होती."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मागच्या वेळी मातीत ती एकटीच होती."

ते दिवस मात्र लांब वाटले. मी शांत होते असं सगळे म्हणतात. होतेच. बशीत पाहिलेलं खोटं नव्हतं, आणि विरजण चांगलं लागलं होतं. पण सासूबाई जेवताना घास हातात धरून विसरायच्या, तेव्हा त्यांना धीर देण्यासारखं माझ्याकडे "थांबा" याखेरीज काही नव्हतं. त्या थांबल्या. रोज गेल्या, रोज परत आल्या. "हं." "हं." आणखी दोन झाडं गेली, त्याच कोपऱ्यात. मग एकही नाही. फुलं गळून घाटे धरले, घाटे फुगले. आणि एक दिवस त्या परत आल्या, पायरीवर बसल्या, आणि "हं" न म्हणता पोटभर रडल्या. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. दुसरं काय देणार?

काढणीच्या आधी भाऊजी गोठ्याशी घुटमळताना दिसले.

"ते... तुमचं ते विरजण," ते म्हणाले. "माझ्या तुरीलाही मर दिसतेय. तुरीला चालतं का?"

"चालतं की."

"आपलं भांडं घेऊन ये," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि निलगिरीची रोपं आणणार होतास ना? ती रस्त्याच्या कडेला लाव. सावली होईल."

"तुला कोणी समजवायला यायचं नाही म्हणाली होतीस, आता तूच समजावतेस!"

"जमीन माझ्या नावावर आहे ना अजून?"

त्या संध्याकाळी मी मुंगीला घेऊन पट्टीत गेले. घाटे वाजायला लागले होते. जी झाडं सगळ्यात भरलेली, त्यांना खुणेच्या चिंध्या बांधायच्या होत्या; पुढच्या बियाण्याची ती. मुंगी चिंधी धरायची, मी गाठ मारायची. रिकाम्या झालेल्या त्या कोपऱ्यापाशी आल्यावर ती थांबली.

"आई, ती वाईट बुरशी मेली का?"

"नाही गं. ती मातीतच आहे. बरीच वर्षं राहते."

"काय करते तिथे?"

"झोपून असते. मूळ यायची वाट बघते."

"आणि आपली?"

"आपली मुळापाशी बसलीय. तिला आत येऊ देत नाही."

मुंगी उकिडवी बसली. एक बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं, नीट बघितलं. मग तोंड माझ्या कानाजवळ आणून, खाली मातीत ऐकू जाऊ नये तशा आवाजात तिनं मला विचारलं,

"आई, ती वाईट आहे, हे तिला माहीत आहे का?"